एक्झिमा असलेल्या पोराला तालमीत घालावं का?

सायली_मंगळवारपेठ · रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मुलाचा आहे. वय अकरा. तान्हा असल्यापासून त्याला एक्झिमा आहे, सासूबाई त्याला इसब म्हणतात. कोपराच्या आत, गुडघ्यामागं आणि मानेवर. थंडी पडली की रात्रभर खाजवतो, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. सध्या बरा आहे, पण मानेवरचा चट्टा अजून ओला आहे.

आमच्या घरात तालमीचं वेड पिढ्यान्‌पिढ्यांचं. पोराला स्वतःलाच जायचंय, पहाटे उठून काकांच्या आधी दारात उभा असतो. पण गेल्या महिन्यात तालमीतल्या एका थोरल्या पैलवानाच्या मानेवर आणि कानामागं पाण्याचे फोड आले. मग आणखी दोघांना आले. कुणी म्हणालं नागीण, कुणी म्हणालं माती बाधली. ओळखीच्या एक नर्सताई आहेत, त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, एक्झिमाच्या मुलाला असल्या फोडांचा विषाणू लागला तर ॲडमिट करायची पाळी येते. तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. सासरे आणि दीर एकीकडं, मी एकीकडं. नवरा दोन्हीकडं मान हलवतो.

हा धोका खरोखर किती आहे? आणि तालीम नको, पोहणं नको, गर्दी नको असं करत पोराला किती कोंडायचं? ज्यांनी हे सोसलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

लालमाती · रात्री ९:४०

ताई, बिनधास्त घाला. आमचं अर्धं आयुष्य हौदात गेलंय. तालमीची माती म्हणजे रस्त्यावरची धूळ नव्हे. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती खणून खणून एकजीव केलेली असते. अंगाला लागली की अंग हलकं होतं. नायटा मात्र सगळ्यांना होतो, तो लंगोट ओला राहिल्यानं. एक्झिमाचं मला ठाऊक न्हाई, पण मातीनं कुणाचं वाईट झालेलं मी तरी बघितलेलं न्हाई.

गुळाचा_रवा · रात्री ९:५५

सायलीताई, नवऱ्याला सांगा की दोन्हीकडं मान हलवणं हा मानेचा व्यायाम आहे, तालमीत उपयोगी पडेल. 😄 प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. जाणकारांची वाट बघतोय, माझ्या भाचीलाही हाच त्रास आहे.

स्पष्टच_बोलतो · रात्री १०:२०

हल्लीच्या आया मुलांना काचेच्या कपाटात ठेवतात. आमच्या लहानपणी खरूज, गजकर्ण, गळवं सगळं व्हायचं, पंचगंगेत डुंबायचो, काही झालं नाही. मुलगा हौसेनं जातोय तर जाऊ द्या. शंका काढत बसलं तर घराबाहेर पडणंच नको.

मीनल_पुण्याहून · रात्री ११:३१

स्पष्टच_बोलतो, तुम्हाला काही झालं नाही हे चांगलंच झालं. मला झालंय, म्हणून लिहिते.

मी मूळची राजारामपुरीची. एक्झिमा लहानपणापासून, वयात आल्यावर चेहरा आणि मान एवढाच उरला. चुलतबहिणीच्या लग्नासाठी कोल्हापूरला आले होते. आम्ही सगळ्या बहिणी एका खोलीत, एकच टॉवेल, एकच लिपस्टिक फिरतेय. एकीच्या ओठाच्या कडेला ताप फुटून फोड आले होते. कुणी लक्ष दिलं नाही, लग्नघरात जागरणानं होतंच म्हणून.

पुण्याला परतल्यावर काही दिवसांनी संध्याकाळी गाल चुरचुरायला लागला. ज्यांना एक्झिमा आहे त्यांना आपली खाज ओळखता येते. ही ती नव्हती. ही दुखत होती. हात लावला की आग आग. रात्री थंडी वाजून ताप. सकाळी आरशात बघितलं तर गालावर आणि हनुवटीवर एकसारख्या मापाचे फोड, जणू कुणी छापा मारलाय. जवळच्या एका दवाखान्यात गेले. त्यांनी एक्झिमा चिघळलाय असं म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि मलम बदलून दिलं. दुसऱ्या दिवशी फोड फुटून बारीक गोल खड्डे पडले आणि पापणी सुजून डोळा बंद झाला.

मग मोठ्या रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांनी दारातूनच ओळखलं. ॲडमिट केलं, शिरेतून ॲसायक्लोव्हिर हे विषाणूचं औषध सुरू केलं, डोळ्याच्या डॉक्टरांना त्याच दिवशी बोलावलं. डोळा वाचला. कपाळावर काही खड्डे अजून आहेत.

सायलीताई, तुम्हाला घाबरवायचं नाही. पण दुखणारे एकसारखे फोड आणि सोबत ताप दिसला तर 'उद्या बघू' म्हणू नका.

सायली_मंगळवारपेठ · रात्री ११:४८

मीनलताई, वाचून काटा आला. एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. खाज आणि दुखणं यांतला फरक मुलाला समजावून सांगते, कारण त्याचं अंग त्यालाच कळणार.

करवीरकर_आबा · सोमवार, पहाटे ५:५०

पोरी, जपावं पण भिऊ नये. आमच्या वेळी अंगावर काही उठलं की कडुलिंबाचा पाला अंथरुणात घालत. कांजिण्या आल्या की देवी आली म्हणून घरात फोडणी नसे, पाहुणा नसे. आजाऱ्याला वेगळं ठेवायची ती रीत होती आणि ती चांगली होती.

एक जुनी गोष्ट आठवते. देवीची लस टोचायला माणसं दारावर यायची. सगळ्या भावंडांच्या दंडावर तो गोल वण आहे. धाकट्याचं अंग मात्र इसबानं भरलेलं असायचं, त्याला बघून ते टोचायचं सोडून पुढं गेले. आईनं कारण विचारलं तर एवढंच म्हणाले, याला नको. का, ते आजतागायत कळलं नाही. इथं कुणी सांगेल का?

त्वचावैद्य · सोमवार, दुपारी २:३०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, कोल्हापुरातच काम करतो. इथं कुणाचं निदान करणार नाही, ते कातडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय होत नाही. पण विषय असा आहे की गप्प बसवत नाही.

आधी आबांचं उत्तर. देवीच्या लसीत जिवंत विषाणू असायचा, व्हॅक्सिनिया नावाचा. निरोगी दंडावर तो एक फोड आणून थांबायचा. इसबाच्या अंगावर तो सगळीकडं पसरायचा, माणूस दगावायचाही. म्हणून इसब असलेल्याला ती लस देत नसत, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला दिली तरी इसबवाल्याला त्याच्यापासून लांब ठेवत. तुमच्या धाकट्या भावाला सोडून पुढं जाणारा तो माणूस शहाणा होता. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं, त्यामुळं आता तो प्रश्न उरला नाही. आज मुलांना ज्या नेहमीच्या लसी देतात त्या एक्झिमाच्या मुलांना द्यायच्याच आहेत, त्यात गल्लत नको.

आता सायलीताईंचा प्रश्न. मीनलताईंना झालं त्याला एक्झिमा हर्पेटिकम म्हणतात. १८८७ मध्ये व्हिएन्नाच्या कापोसी या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं होतं. ओठाच्या कडेला येणाऱ्या फोडांचा जो विषाणू, हर्पीस सिम्प्लेक्स, तोच हा. धड कातडीवर तो ओठापुरता राहतो आणि आठ-दहा दिवसांत खपली धरून जातो. एक्झिमाच्या कातडीवर त्याला अडवणारं कुणी नसतं. आपल्या कातडीचा वरचा थर फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनामुळं घट्ट राहतो. ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असला तर एक्झिमाचा धोका वाढतो, हे २००६ मध्ये दिसून आलं. पन्हाळ्याच्या तटातले दगड शाबूत असावेत आणि मधला चुनाच गळून गेलेला असावा, तशी ही कातडी. त्यात खाजवून पडलेल्या चिरा. शिवाय जंतू मारणारी जी बारीक प्रथिनं कातडी स्वतः तयार करते, तीही एक्झिमात कमी पडतात.

धोका किती? एक्झिमाच्या शंभर रुग्णांत तिघांनाही हा प्रकार होत नाही. म्हणजे बहुतेक मुलं यातून कधीच जात नाहीत. पण ज्याचा एक्झिमा अगदी लहानपणी सुरू झाला, अंगभर आहे, सोबत दमा किंवा खाण्याची ॲलर्जी आहे, कातडीवर वारंवार पू होतो, त्याला जास्त भीती. आणि झाला तर तो तातडीचा आजार आहे. तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंतही आम्ही थांबत नाही, नुसत्या संशयावर ॲसायक्लोव्हिर सुरू करतो. या औषधामागं ज्यांचं काम आहे त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. ते औषध येण्याआधी या आजारानं मुलं दगावत. आज वेळेत आलेलं मूल बरं होऊन घरी जातं.

ओळखायचं कसं ते मीनलताईंनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय. एकसारखे फोड, घोळक्यानं आलेले, मधोमध खळगी. फुटले की पंचनं पाडल्यासारखे गोल खड्डे. खाजेपेक्षा दुखणं जास्त. ताप, गळ्यात गाठी, मूल मलूल. नेहमीच्या मलमानं उतार पडण्याऐवजी तासातासाला वाढ. डोळ्याच्या आसपास एक जरी फोड असला तर डोळ्याचा डॉक्टर त्याच दिवशी.

त्वचावैद्य · सोमवार, दुपारी २:५२

तालमीचं राहिलंच. सायलीताई, तीन पैलवानांना एकापाठोपाठ मानेवर फोड आले असतील तर त्यांना नागीण म्हणून सोडून देऊ नका. नागीण कांजिण्यांच्या विषाणूची, ती अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यानं उठते आणि तालीमभर अशी फिरत नाही. कुस्तीगिरांत हर्पीस सिम्प्लेक्स पसरतो याची नोंद फार जुनी आहे, त्याला हर्पीस ग्लॅडिएटोरम असं नावच आहे. १९८९ च्या जुलैत अमेरिकेत मिनेसोटामध्ये मुलांचं चार आठवड्यांचं कुस्ती शिबिर होतं. १७५ मुलं होती, त्यातल्या ६० जणांना लागण झाली. फोड सगळ्यात जास्त डोकं, चेहरा आणि मानेवर, म्हणजे पकडीत अंगाला अंग घासतं तिथंच.

लालमाती, तुमच्या अनुभवाचा मान राखून सांगतो, यात माती दोषी नाही आणि माती औषधही नाही. हा विषाणू कातडीवरून कातडीवर जातो. हळद-ताकानं तो थांबत नाही.

लालमाती · सोमवार, रात्री ८:१५

डॉक्टर, १७५ तले ६० वाचून गप्प झालो. आता आठवतंय. जत्रेच्या आधी सराव वाढला की एकाला मानेवर उठायचं आणि मग त्याच्या जोडीदारांना. आम्ही म्हणायचो उष्णता झाली, थंडाई प्या. समोरच्याच्या मानेवर मूठभर माती टाकायची, घामानं हात निसटू नये म्हणून, आणि मग कपाळाला कपाळ लावून खडाखडी. गाल, कान, मान सगळं घासलं जातं. तुम्ही म्हणता तीच जागा.

मग सरळ सांगा, अमेरिकेत त्या पोरांना किती दिवस बाहेर ठेवतात?

त्वचावैद्य · सोमवार, रात्री ९:०५

तिथल्या कॉलेज कुस्तीचा नियम असा: ७२ तासांत एकही नवा फोड नको, सगळ्यांवर पक्की खपली हवी, आणि विषाणूचं औषध सुरू होऊन किमान १२० तास झालेले हवेत. पट्टी चिकटवून आखाड्यात उतरायला मनाई आहे. लढतीआधी पैलवानाची कातडी तपासली जाते.

राजारामपुरी_मेडिकल · सोमवार, रात्री ९:३०

दुकानात बसून जे रोज दिसतं ते सांगतो. खाज म्हटलं की माणसं नाव घेऊन ट्यूब मागतात. एकाच ट्यूबमध्ये कडक स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. नायट्याला तीच, इसबाला तीच, ओठाच्या फोडालाही तीच. २०१८ पासून ही स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे. मी देत नाही म्हणून गिऱ्हाईक भांडतं आणि चार दुकानं पुढं जातं. विषाणूच्या फोडावर नुसतं स्टेरॉइड चोळलं तर तो आणखी पसरतो ना डॉक्टर?

त्वचावैद्य · सोमवार, रात्री ९:४४

हो. विषाणूचं औषध न देता त्या फोडांवर स्टेरॉइड चोळलं तर धोका वाढतो. एक्झिमाला देतात ते टॅक्रोलिमसचं मलमही तेवढ्या जागी थांबवायचं असतं. पण यावरून कुणी असा अर्थ काढू नका की एक्झिमाला स्टेरॉइडचं मलम लावायचंच नाही. माझ्याकडं येणाऱ्या आया भीतीपोटी मलम बंद करतात, मूल खाजवत राहतं, कातडी उघडी राहते आणि विषाणूला तेच हवं असतं. डॉक्टरांनी दिलेलं, दिलेल्या ताकदीचं, सांगितले तेवढे दिवस लावलेलं मलम मुलाचं रक्षणच करतं. तुम्ही चिठ्ठी मागता, तशीच मागत राहा. भांडणाऱ्या गिऱ्हाइकाचंही त्यात भलं आहे.

ओली_हळद · सोमवार, रात्री १०:१०

फोडांवर ओली हळद आणि कडुलिंबाचा लेप लावावा. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लावतात. थंडावा मिळतो.

मीनल_पुण्याहून · सोमवार, रात्री १०:२५

ओली_हळद, उघड्या खड्ड्यांवर लेप कसा झोंबेल याची कल्पना मला आहे. कृपया एक्झिमाच्या मुलावर हा प्रयोग नको.

करवीरकर_आबा · मंगळवार, पहाटे ५:४०

लेप नको हे मान्य. पाल्याचं कोमट पाणी अंगावर घ्यायला काय हरकत?

त्वचावैद्य · मंगळवार, सकाळी ८:०५

आबा, पाणी स्वच्छ असेल आणि मुलाला झोंबत नसेल तर माझी हरकत नाही. त्यामुळं औषधाला उशीर होऊ नये एवढंच. अंघोळ कोमट पाण्यानं, थोडक्यात. अंग टिपायचं, चोळायचं नाही, आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर भरपूर. एवढं रोज केलं तर निम्मी लढाई तिथंच होते. डबीत बोटं घालून मलम काढू नका, चमच्यानं काढा किंवा ट्यूबचं घ्या, म्हणजे जंतू डबीत जात नाहीत.

पंचगंगाकाठ · मंगळवार, दुपारी १२:२०

आमची हकिकत वेगळ्या विषाणूची आहे. लेक बालवाडीत असताना तिथं हात-पाय-तोंडाची साथ आली, तिला टोमॅटो फ्लूही म्हणतात. बाकी मुलांना तळहात, तळपाय आणि तोंडात फोड. आमच्या लेकीच्या तळहातावर चार-दोन, आणि कोपराच्या आत, गुडघ्यामागं, जिथं जिथं एक्झिमा तिथं तिथं दाटून फोड. शेजारीण म्हणाली कांजिण्या. मी घाबरून मीनलताईंसारखाच प्रकार समजले. डॉक्टरांनी तोंडात बघितलं, तळपाय बघितले आणि ओळखलं. औषध फक्त तापाचं. आठवड्यात उतरलं.

पण महिन्याभरानं तिची नखं मुळापासून सुटायला लागली. एका बोटाचं नख वर उचललेलं आणि खाली नवं कोवळं नख आलेलं, हे बघून माझे हातपाय गळाले. कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कुणाच्या मुलाचं असं झालं तर घाबरू नका, नखं परत नीट येतात.

आणखी एक. आमचं गाव नदीकाठचं. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी घरात आलं, तेव्हा छावणीत एकाच चादरीवर चार मुलं झोपायची. तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडाला कागदपत्रांच्या पिशवीतच लेकीचं मलम, तिचा वेगळा टॉवेल आणि एक पातळ सुती चादर भरून ठेवते. नदीकाठच्या सगळ्या आयांनी ठेवावं.

त्वचावैद्य · मंगळवार, दुपारी २:१५

पंचगंगाकाठ, तुमचं वर्णन तंतोतंत आहे. कॉक्सॅकी ए६ हा विषाणू एक्झिमाच्या जागाच शोधून काढतो, आणि नखं सुटणं ही त्याची खूण आहे. दिसायला हर्पीससारखाच वाटतो, म्हणून आई-वडिलांनी घरी फरक करत बसू नये, दाखवून घ्यावं. पिशवीची सूचना मी माझ्या रुग्णांना सांगणार आहे.

गुळाचा_रवा · मंगळवार, दुपारी ३:००

माझ्या भाचीच्या काखेत आणि पोटावर मोत्यासारखे चकाकते दाणे आलेत, मधोमध टिंब. पोहायला जायला लागल्यापासून. दुखत नाहीत, पण दिवसेंदिवस वाढतायत. हेही त्यातलंच का?

त्वचावैद्य · मंगळवार, दुपारी ३:२५

वर्णनावरून मोलस्कम नावाच्या विषाणूचे दाणे वाटतात, पण दाखवून घ्या. देवीच्या विषाणूच्या कुळातला, पण फार सौम्य. एक्झिमाची मुलं खाजवतात आणि नखानं एका जागेचा दुसरीकडं नेतात, म्हणून त्यांच्यात जास्त दाणे येतात. जायला बऱ्याचदा वर्ष-दीड वर्ष लागतं, आपोआप जातात. चिमटून काढू नका. पोहणं बंद करायची गरज नाही. दाणे कपड्याखाली झाकले जातील असं बघा, टॉवेल वेगळा ठेवा, पाण्यातून आल्यावर अंघोळ आणि मॉइश्चरायझर.

एसटीचा_माणूस · मंगळवार, रात्री ८:४०

थोडं विषयांतर. मला सोरायसिस आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे. दिवसभर गर्दीत काम. हे सगळं वाचून वाटतं की माझ्याही अंगावर असं पसरेल का?

त्वचावैद्य · मंगळवार, रात्री ९:१०

विषयांतर अजिबात नाही. सोरायसिसमध्ये उलटं असतं. मी वर म्हणालो त्या जंतू मारणाऱ्या प्रथिनांचं प्रमाण सोरायसिसच्या चट्ट्यात भरपूर असतं आणि एक्झिमात कमी. २००२ मध्ये हे मोजून दाखवलं गेलं. म्हणून सोरायसिसच्या कातडीवर हर्पीस असा क्वचितच पसरतो. तुमच्या बाबतीत सांभाळायचं ते औषधामुळं, कारण ते प्रतिकारशक्ती दाबतं. मेथोट्रेक्सेटवर असताना ताप आला किंवा नागिणीसारखे फोड दिसले तर गोळी घ्यायची की थांबवायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. जिवंत विषाणूची कुठलीही लस न विचारता घेऊ नका. वय पन्नासच्या पुढं असेल तर नागिणीच्या लसीबद्दल विचारा. २०२३ पासून भारतात जी मिळते तिच्यात जिवंत विषाणू नसतो.

एसटीचा_माणूस · मंगळवार, रात्री ९:२०

जिवाला बरं वाटलं डॉक्टर. बावन्न पूर्ण आहेत. विचारतो.

स्पष्टच_बोलतो · मंगळवार, रात्री १०:०५

मी सुरुवातीला लिहिलं ते खरूज-गळवं डोळ्यांपुढं ठेवून लिहिलं होतं. मीनलताईंचं आणि पंचगंगाकाठ यांचं वाचून विषय वेगळा आहे हे कळलं. पण माझा एक मुद्दा उरतो. मुलाला आजारी आजारी म्हणून घरात बसवलं तर त्याचं मन खचतं. माझ्या पुतण्याला शाळेत कुणी हात धरत नसे, चट्टे बघून. त्याचंही कुणी लिहा.

सायली_मंगळवारपेठ · मंगळवार, रात्री १०:३०

हे मात्र अगदी खरं. माझा मुलगा उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून शाळेत जातो. एका मुलानं 'तुझं मला लागेल' म्हटल्यापासून. एक्झिमा कुणाला लागत नाही हे मी बाईंना वर्गात सांगायला लावलं. तालमीत त्याला आवडतं तेच यासाठी, की तिथं सगळेच उघडे आणि मातीनं माखलेले, कुणाचं अंग कसं आहे ते दिसत नाही. म्हणून तर माझा जीव अडकलाय. नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

मीनल_पुण्याहून · मंगळवार, रात्री १०:४१

सायलीताई, मग पाठवाच. पण अटी घालून. लालमाती, तुम्ही वस्तादांशी बोलू शकाल का? बाईमाणसानं सांगितलं की ऐकत नाहीत, पैलवानानं सांगितलेलं पोचेल.

लालमाती · गुरुवार, रात्री ८:५०

बोललो. आमच्या वस्तादांशी आणि ओळखीच्या आणखी दोन तालमींत. पहिल्यांदा म्हणाले, फोडाला भिऊन कुस्ती होते व्हय? मग मी डॉक्टरांचं सगळं वाचून दाखवलं. इसबाच्या पोराचा डोळा जाऊ शकतो म्हटल्यावर खाली बसले.

आता ठरलंय ते असं. अंगाला तेल लावायच्या आधी वस्ताद प्रत्येकाचं तोंड, कान, मान, दंड बघणार. फोड असला की हौदाबाहेर. जोर-बैठका, दोर, मुद्गल चालेल, पण अंगाला अंग लावायचं न्हाई, पक्की खपली धरेपर्यंत. डॉक्टरला दाखवूनच परत. टॉवेल आणि लंगोट ज्याचा त्याचा. वस्तादांनी स्वतःहून घातलेली अट अशी की जो लपवेल त्याचा महिनाभर खुराक बंद, आणि लपवलेलं दाखवून देईल त्याला दूध जादा.

गुळाचा_रवा · गुरुवार, रात्री ९:०२

नाद खुळा! दुधासाठी पोरं एकमेकांच्या कानामागं भिंग लावून बघतील.

सायली_मंगळवारपेठ · गुरुवार, रात्री ९:४५

लालमातीदादा, तुमचे आभार कसे मानू. सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले आपल्या तालमीतही हे आजच सांगतो.

डॉक्टर, आमचं ठरलंय ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. मानेवरचा ओला चट्टा पूर्ण सुकेपर्यंत नुसता व्यायाम, हौदात नाही. नंतर वस्ताद तपासतील त्या दिवशीच लढत. घरी येताच अंघोळ आणि मलम. नखं दर रविवारी कापायची. कांजिण्यांच्या लसीचा एकच डोस झालाय, दुसरा राहिलाय.

आणि एक अडचण. ज्यांच्याबरोबर तो जाणार त्या माझ्या दिरांनाच वर्षातून अनेकदा ओठावर फोड येतात. घरात एकच तांब्या, एकच टॉवेल. आणि धाकटी लेक पाच महिन्यांची आहे, तिच्याही गालावर कोरडे चट्टे दिसायला लागलेत.

त्वचावैद्य · शुक्रवार, दुपारी २:१०

तुमचं ठरलेलं बरोबर आहे. कांजिण्यांचा दुसरा डोस घ्या. सरकारी मोफत लसीकरणात ती लस नाही, बालरोगतज्ज्ञांकडं मिळते. एक्झिमाच्या मुलाला कांजिण्या जड जातात. आल्याच तर ॲस्पिरिन मुळीच नाही, तापाला पॅरासिटामॉल.

दिरांचं मात्र मनावर घ्या, कारण अशा मुलांना हा विषाणू बऱ्याचदा घरातल्याच माणसाकडून मिळतो. ओठ चुरचुरायला लागल्यापासून खपली पडेपर्यंत त्यांनी बाळाचा मुका घ्यायचा नाही, तिच्या तोंडात घासातला घास द्यायचा नाही, फोडाला हात लावून तिला उचलायचं नाही. पाच महिन्यांच्या बाळाला प्रत्येक जण गालाला गाल लावतो, तेव्हा पाहुण्यांनाही हे तोंडावर सांगा. वाईट वाटलं तर वाटू दे. तांब्या-टॉवेल त्या दिवसांत वेगळा. इतक्या वेळा येत असेल तर त्यांना एकदा माझ्यासारख्या कुणाकडंही पाठवा, रोज घ्यायची गोळी देऊन ते कमी करता येतं.

बाळाचे चट्टे या आठवड्यात दाखवा. लवकर सुरुवात केली तर कातडी सांभाळायला सोपी जाते.

सायली_मंगळवारपेठ · शुक्रवार, दुपारी ३:०५

सोमवारची वेळ घेतली आहे, बाळाची आणि दिरांची एकदमच. दीर तयार झाले. पुतणीचा मुका घ्यायला मिळणार नाही म्हटल्यावर लगेच तयार झाले.

राजारामपुरी_मेडिकल · शुक्रवार, रात्री ९:१५

डॉक्टरांनी ओळखायच्या खुणा लिहिल्यात तेवढ्या मोठ्या अक्षरात छापून दुकानात लावतोय. चालेल ना डॉक्टर?

त्वचावैद्य · शुक्रवार, रात्री ९:४०

जरूर लावा. खाली एक ओळ वाढवा: रात्री असे फोड आणि ताप दिसला तर सकाळची वाट बघू नका, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रभर उघडा असतो.